बायजाला कुणी सांगितलं नाही

दुपारचं जेवण झालं की रंगनाथराव पोटावर पुस्तक उपडं ठेवून कॉटवर आडवे होतात. डोळा लागला की नाही, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नाही. कॉटखाली ढब्बू कुत्रा घोरतो आहे. पिठ्या आणि खंडू उंबऱ्यावर एकमेकांचे कान चावताहेत. चौथी कुत्री, म्हातारी बायजा, फाटकाशी बसून आहे. रंगनाथरावांची बायको कुमुद वारली त्या दिवसापासून ती तिथंच बसते. फिरायला येत नाही, भाकरी नुसती हुंगते. बरगड्या दिसायला लागल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण अशीच राहिली तर हाती लागायची नाही.

पंख्याची घरघर मऊ होत जाते.

"पाय वर घ्या, ढब्बूला जाऊ द्या."

समोर कुमुद उभी आहे. हातात चार साखळ्या. कॉटच्या जागी वाचनालयातलं लांब टेबल आहे, ज्याच्या टोकाला बसून रंगनाथरावांनी सगळी नोकरी केली. टेबलाखालून कुत्री चालली आहेत आणि वाचक मान वर न करता पाय उचलून घेताहेत.

"सकाळी पिठ्याला काय म्हणालात?" कुमुद विचारते.

"जरा सरकता का, म्हणालो."

"कुत्र्याला अहो-जाहो! मग कशाला सरकेल तो? जावई झाला की घरचा!"

रंगनाथराव हसतात. वाचनालयात मोठ्यानं हसलो म्हणून लगेच ओशाळतात. मग, ती निघून जाईल या धास्तीनं, घाईघाईनं बोलतात.

"बायजा जेवत नाही गं. दुधात भाकरी कुस्करून दिली, तुझ्यासारखी हाक मारून पाहिली. माझंच काही चुकतंय का?"

"मला नेलं तेव्हा ती कुठं होती?"

"मोरीत. चौघांनाही कोंडलं होतं. माणसं जमलेली, पायांत येतील म्हणून..."

"मग तिला कळणार कसं? मी बाजारात गेलेय असं धरून बसलीय ती. बाकीची तरणी आहेत, विसरली."

इतकी पुस्तकं वाचली, पण एवढं ध्यानात आलं नाही.

"आता गं?"

"आता काय? पोचवायला येऊ द्या तिला."

टेबल संपतं तिथं कालव्याचा रस्ता लागतो. बायजा कुमुदच्या पदराला नाक लावून चालते आहे. कालव्याचं पाणी आवाज न करता उलटं वाहतं आहे. पुलाशी कुमुद खाली बसते, बायजाचं तोंड दोन्ही हातांत धरते, काहीतरी सांगत राहते. शब्द ऐकू येत नाहीत. रंगनाथरावांना वाटतं, पुढं व्हावं, आपल्यालाही काही सांगेल. पण दोघींच्या बोलण्यात पडायचं कसं? ते पाच पावलं मागेच घुटमळतात.

कुमुद उठते.

"मी येऊ का थोडा पुढं?" ते कसंबसं विचारतात.

"मग हिला घरी कोण नेणार?"

ती पुलावरून जाते. वळून पाहत नाही. बायजाही भुंकत नाही, नुसती बघत राहते.

रंगनाथराव डोळे उघडतात तेव्हा ऊन भिंतीवर चढलं आहे. फाटकाशी कुणी नाही. फाटकाची कडी लावलेली आहे. बायजाची ताटली रिकामी आहे आणि ती स्वतः कॉटशेजारी, त्यांच्या लोंबत्या हाताखाली, पसरली आहे.

त्यांना आनंद व्हायला हवा. होतोही. पण या घरात कुणीतरी कुमुदची वाट पाहत होतं, याचा त्यांना केवढा आधार होता, हे आत्ता कळतं. आता तीही वाट कुणी पाहत नाही.

ते बायजाच्या पोटावरून हात फिरवतात. बोटांना टोचतं. पोटाखालच्या केसांत कुसळं भरली आहेत, कालव्याकाठच्या गवताची, अजून ओलसर. महिनाभर ती या फरशीच्या अंगणाबाहेर गेलेली नाही.

"जरा वळता का," रंगनाथराव म्हणतात.

बायजा वळते. ते एकेक कुसळ काढायला बसतात.