ऐशे आपाचा आवाज बसतो

किर्गिझस्तानातल्या काराकोल शहराच्या छोट्या बाजारात आशल्यानफूची एक अख्खी गल्ली आहे. शेवया, स्टार्च शिजवून गोठवलेल्या थुलथुलीत खळीच्या पट्ट्या, वरून गार आंबट रस्सा आणि लसूण-मिरचीचं लालभडक तेल. ऐशे आपाकडे त्याबरोबर शिव्याही मिळत. "चमचा धरायला आईने शिकवलं नाही का?" हे ऐकल्याशिवाय गिऱ्हाईक बाकावर टेकत नसे.

पुतण्याच्या लग्नात आपा दोन दिवस आचाऱ्यांवर ओरडली आणि तिचा आवाज बसला. डॉक्टरने आठवडाभर तोंड उघडायचं नाही असं बजावलं.

पहिल्याच दिवशी टॅक्सीवाला झोलदोश वाडगा अर्धा ठेवून म्हणाला, "आपा, व्हिनेगर बदललंस? झोंबत नाहीये."

आपाने बाटली त्याच्या नाकासमोर धरली. बाटली तीच होती. तरी दुसऱ्या दिवशी झोलदोश समोरच्या सलिमाकडे बसलेला दिसला. सलिमा म्हणजे आपाची धाकटी जाऊ. गिऱ्हाइकाला 'राजा, सोन्या' करणारी. दोघींचं बोलणं वर्षानुवर्षं बंद होतं. चार दिवसांत आपाची खळ दुपारी तशीच पडून राहू लागली, आणि आपाला मात्र समोरची गर्दी झोंबू लागली.

पाचव्या दिवशी सलिमा पदर खोचल्यासारखा अॅप्रन आवळत गल्ली ओलांडून आली. आपाच्या पातेल्यातला घोटभर रस्सा तिने चाखला आणि मागे वळली.

"ए झोलदोश, इकडे ये. माझ्याकडे काय चाटत बसलायस? रस्सा तीच करते, सासूने तिलाच शिकवला. तुझी जीभ आहे की बुटाचा तळ?"

झोलदोश उठून आला. त्याच्यामागे आणखी चौघे आले.

सलिमाला आता सूर सापडला. गिऱ्हाइकं बाकांवर बसली तशी तिने मोहरा आपाकडे वळवला. "आणि ही! सासू तेल करायला बसली की ही मला कांदे आणायला पिटाळायची. का, तर धाकटीला अक्कल नाही. इतकी वर्षं लोक माझ्या गोड बोलण्यावर जेवतायत, रश्श्यावर नाही. ठाऊक आहे मला."

बाकांवर हसू फुटलं. आपाची उत्तरं तर घशापर्यंत रांग लावून उभी होती. शेवटी तिने एक वाडगा भरला, त्यात तेलाच्या दोन पळ्या जास्त घातल्या आणि जावेपुढे आदळला. सलिमाने तो डोळे पुसत पुसत तळापर्यंत संपवला.

आवाज फुटला त्या सकाळी आपा घोगऱ्या स्वरात समोरच्या बाकड्याकडे पाहून म्हणाली, "तुझा लसूण करपतो. तेल आधी निवू द्यावं लागतं. उद्या लवकर ये, दाखवते."

दुसऱ्या दिवशी सलिमा पहाटेच आपाकडे गेली. तेल किती निवू द्यायचं यावरून दोघी अशा भांडल्या की झोलदोशने टॅक्सी बाजाराच्या दारातच उभी केली आणि सकाळी सकाळी दोन वाडगे खाल्ले.