मांडीवरचे हात

चर्चच्या विद्यार्थी शिबिरात सकाळच्या उपासनेला मी पेटी वाजवत होते. गिटारवाला सुहास माइकवरून म्हणाला, "सगळ्यांनी हात वर!" सगळ्यांचे हात वर गेले. मागच्या ओळीतल्या मर्सीचे मात्र मांडीवरच राहिले. महिन्यापूर्वी तिची आई गेली, हे सुहासला माहीत होतं.

"काय मर्सीबाई, प्रभूसाठी हात जड झाले का?"

मुलं हसली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रभू स्वतः मित्राच्या कबरीपाशी रडला, हे आम्ही दर वर्षी बायबलात वाचतो आणि आई गेलेल्या पोरीला आनंदाने हात उंचवायला लावतो. हा हक्क आम्हाला कुणी दिला? पण हात वर करायला मीही वर्षानुवर्षं असंच सांगत आले होते. गेल्या पावसाळ्यात माझे बाबा जाईपर्यंत मला त्यात काहीच गैर वाटलं नव्हतं.

मी पेटी थांबवली.

"आंटी, पुढचं कडवं?" सुहास कुजबुजला.

"माइक बंद कर आणि खाली बस."

दफनाच्या वेळी गातो ते संथ गीत मी धरलं. पहिल्या ओळीला कुणीच साथ दिली नाही. दुसरीला मागून एक घोगरा आवाज आला. मर्सीचे हात मांडीवरच होते.