सुलभाताईंचा अंगठा

सुलभाताईंकडे मी पहिल्यांदा गेले ती बिघडलेली पँट घेऊन. स्पर्धा परीक्षेसाठी लातूरहून दिल्लीत आले होते. दुसऱ्या दिवशी मुलाखत होती आणि शिंप्याने पँटची खालची कड दुमडताना बाहेरून ठसठशीत टीप मारून ठेवली होती. आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात ताई शिवणवर्ग घेत. त्यांनी पँट उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "अच्छा, रेहाना, आधी पोहे खा. घाईत टाका बिघडतो."

जुनी टीप उसवून, इस्त्रीने खुणा घालवून त्या मशीनकडे वळल्या. जाड सुई काढून बारीक सुई लावली, पँटच्याच रंगाचा दोरा ओवला, ताण सैल केला. दुमडलेली कड सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पायाजवळच्या पट्टीला अशी टेकवायची, की सुईने कडेचा जेमतेम एखादा धागा पकडावा. उरलेल्या तुकड्यावर नमुना शिवून ताईंनी डोळे मिटून सुलट बाजूवर अंगठा फिरवला. टाका लागला. पट्टीचा स्क्रू किंचित फिरवून पुन्हा नमुना. अंगठ्याला काहीच लागेनासे झाले तेव्हा कुठे पँट सुईखाली गेली. "उद्या तुझं लक्ष पँटकडे जाता कामा नये, बस्स," एवढेच त्या म्हणाल्या.

निवड झाली नाही. अब्बा तर पेढ्यांच्या गोष्टी गावभर करून बसले होते. ताईंनी ना धीर दिला, ना उपदेश केला. "ये, बस. सुई बदल," म्हणाल्या, आणि मी त्यांच्या वर्गातली झाले. वर्गातल्या कितीजणींना त्यांनी असेच सावरले आहे! खोट काढण्यात मात्र त्या कुणाची गय करत नाहीत. एकाच सलवारीची कड पुन्हा पुन्हा उसवायला लावली, तेव्हा मी वैतागले, "ताई, हे कुणाला दिसणार आहे?"

"मला," ताई म्हणाल्या. त्यांच्या त्याच हट्टाच्या बळावर आज मी दिल्लीजवळ मानेसरला स्वतःचे छोटे शिवणकेंद्र चालवते.

पण त्याआधी अब्बा दिल्लीला आले होते. मी परीक्षा सोडून शिवण करते, हे सांगायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांना ताईंकडेच नेले. ताईंनी चहा दिला आणि मी शिवलेला कुर्ता अब्बांच्या हाती ठेवला. "भाईसाहेब, यातला खालचा टाका शोधा बघू."

अब्बांनी चष्मा लावला, कुर्ता उजेडात धरला, अंगठाही फिरवला. "टाका आहे कुठं?"

"आहे. तुमच्या लेकीनं घातलाय. आता ती हेच काम करते."

अब्बांनी कुर्त्याची नीट घडी घातली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "माझ्या पायजम्याचीही कड घालून दे."

ताई, त्या दिवशी मला माझे घर परत मिळाले. हे उपकार मी विसरणार नाही. तुम्ही पंचाहत्तर वर्षांच्या झालात; यापुढेही तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. 'उसव' म्हणणारा तुमचा आवाज असाच खणखणीत राहो. अब्बांनी यंदाही पायजमा पाठवला आहे. कड घालून झाली आहे, पण तुमचा अंगठा फिरल्याशिवाय पायजमा लातूरला जाणार नाही.