चरातली पहार

रोह्याच्या अलीकडे एका साहेबांचं नवं घर होतं. ते जमिनीतल्या थंडाव्यावर गार ठेवायचं ठरलं. बर्फाळ देशांत अशाच जमिनीत पुरलेल्या पाइपांनी घरं उबदार ठेवतात म्हणे. आमच्याकडे उकाडा फुकटचा, तो कोण विकत घेणार? पुरुषभर खोल लांब चर, तळाशी काळ्या पाइपाचे वेढे, त्यातून पाणी फिरणार. मी पेणचा प्लंबर, जोडकाम माझ्याकडे. चर बुजवायला बाबांना नेलं, कारण माती भरण्यात धरमतरच्या खाडीकाठी त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

बुजवताना पाइपात हवा दाबून ठेवायची आणि दाब दाखवणारा गेज लावून ठेवायचा, म्हणजे भोक पडलं की काटा खाली येतो. एवढा साधा नियम. पण कामावरचे इंजिनियर दुसऱ्या साइटवर निघाले आणि गेजच काढून घेऊन गेले. "घ्या बुजवायला," म्हणाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण तोंडातून "हो साहेब" निघालं. त्या "हो साहेब"ची मला आजही शिसारी येते.

बाबांनी जन्मभर खाडीचे बांध घातले. चिखलाचा थर टाकायचा, पायांनी तुडवायचा आणि पहार खुपसून बघायची. सहज आत गेली तर खाली पोकळ आहे, खेकड्याचं बीळ आहे, उधाणाला बांध तिथूनच फुटणार. त्या दिवशीही त्यांनी थर टाकला, तुडवला आणि हात-हात अंतरावर पहार खुपसत गेले. मी पलीकडच्या चरात जोड मारत होतो. खाली पाइप आहे, पहार लावू नका, हे मी सांगितलंच नव्हतं. त्यांची पद्धत लहानपणापासून बघत आलोय मी, तरी सांगितलं नाही!

दुसऱ्या दिवशी गेज परत आला. हवा भरली, तर काटा टिकेना. थोडी माती काढली, तर पाइपाला पहारीएवढं भोक.

"कुठल्या गाढवानं केलं हे?" इंजिनियर सगळ्यांसमोर ओरडले.

गेज तुम्ही नेलात, असं तोंडावर सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "मजुराकडून चूक झाली, साहेब."

बाबा माझ्या शेजारीच उभे होते.

भोक एकच नसणार म्हणून बाबा हवा चालू ठेवून बादलीनं चरात पाणी ओतून बुडबुडे कुठे येतात ते बघत बसले, बांधाची गळती शोधतात तसे. मग पहार बाजूला ठेवून खाली उतरले आणि हातांनी चिखल उकरू लागले. मी मागोमाग उतरलो.

"तू वर जा," ते म्हणाले. "मजुराचं काम हाय ह्ये."

"बाबा!" मी एवढ्या जोरात ओरडलो की सगळं काम थांबलं.

इंजिनियरने चमकून माझ्याकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही.