मागचं गेट उघडं ठेवा

इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि इंद्रलोक नावाच्या वस्तीत राहायला आलो. घोडबंदरला जंगलाला लागून एक नवी सोसायटी उठली होती, तिथे सिक्युरिटी सुपरवायझर झालो. जोडीला परेरा. चौक गावचा, माझ्याच पलटणीतला नाईक.

बिबट्या मला नवा नव्हता. काश्मीरच्या पोस्टवर तो आमची कुत्री उचलायला यायचा, माणूस दिसला की वाट बदलायचा. त्याचा इलाका ठरलेला असतो. एक पकडून नेला तर रिकाम्या जागी दुसरा येतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. खिडकीतून कचरा फेकू नका, कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या, हेही सांगितलं.

"हवालदार, तुम्ही गेट सांभाळा," सेक्रेटरी म्हणाले.

एका सकाळी कुत्र्यामागे एक मादी आत शिरली आणि जनरेटर रूमच्या मागे दबून बसली. शत्रूला घेरताना चारी बाजू बंद करतात. बिबट्याला एक बाजू मोकळी ठेवावी लागते. मी जंगलाकडचं मागचं गेट उघडायला लावलं, गार्ड लांब हटवले, वनखात्याला फोन केला. लोक घरात थांबले असते तर ती आपणहून गेली असती.

थांबतात कसले! काही गच्चीवर चढले, बाकी सगळे खाली आले. थाळ्या बडवल्या, गणपतीतले उरलेले फटाके लावले.

वॉकी-टॉकीवर परेरा बोलला. "सर, मागचं गेट बंद हाय."

"कोणी केलं?"

"सेक्रेटरीनं. कुलूप घातलंय. चावी देत न्हाय."

मी सेक्रेटरींकडे धावलो. "चावी द्या!"

"पब्लिकच्या सेफ्टीचा प्रश्न आहे. आता पकडूनच द्यायचा."

तेवढ्यात ती निघाली. मागच्या गेटवर आपटली, वळली, गर्दीतल्या एकालाही न शिवता पुढची भिंत चढून हायवेवर गेली. टँकरला ब्रेक मारायलाही वेळ मिळाला नाही.

गच्चीवरून टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची मला आजही चीड येते.

परेरा तिच्याजवळ बसला. "सर, दूध हाय हिला. पिलां असतील."

सेक्रेटरी मोबाइलवर फोटो काढत होते. मी त्यांचा हात खाली केला. परेराने आपला रेनकोट तिच्यावर घातला. वनखात्याची गाडी येईपर्यंत आम्ही दोघे तिच्या दोन बाजूंना सावधान उभे राहिलो.

पिल्लं जंगलात खूप शोधली. सापडली नाहीत.