तौनोचं काही अडत नाही

लेह्तोसारी बेटावर तौनोइतकं कमी बोलणारा माणूस दुसरा नव्हता, आणि त्या बेटावर बोलघेवडं असं कुणीच नव्हतं. यावरून काय ते समजावं. उभा जन्म त्याने फेरीबोटीवर काढला. तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत पाण्यात पोलादी दोर टाकलेला, त्या दोराला धरून बोट जायची आणि यायची. तिला वाट चुकायची सोय नव्हती. तौनोला हे काम मानवलं. लोक गाड्यांतून उतरायचे, कठड्याशी उभे राहून पाण्याकडे बघायचे, पलीकडे उतरून जायचे. 'आज वारा आहे' एवढं कुणी म्हटलं तर तौनो मान हलवायचा.

ऐली त्याला बोटीवरच भेटली. ती पलीकडच्या दुग्धालयात कामाला होती. सगळा उन्हाळा ती रोज याच्या बोटीने गेली आली आणि याने तिच्याकडे चोरून बघण्यापलीकडे काही केलं नाही. शेवटी तीच म्हणाली, "तू विचारणार आहेस, की मी पुढच्या वर्षी पोहत येऊ?" त्यावर तौनो जे "हो" म्हणाला, ते नेमकं कशाला, हे ऐली चारचौघांत पुढे कितीतरी वर्षं विचारत राहिली.

तौनो निवृत्त झाला, डोळे अधू झाले, गाडी चालवायचा परवाना गेला. त्यानंतर ऐलीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ मात्र शाबूत राहिली. तिला पलीकडच्या गावात, चर्चमागच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तेव्हापासून तौनो रोज दुपारी प्रवासी म्हणून बोटीवर चढायचा. बोट आता ओइवा चालवायचा.

"काय, निघाली स्वारी सासुरवाडीला?" ओइवा रोज विचारायचा.

"हं."

"बायको हाकलून देत नाही का रे?"

"देते."

एवढ्यावर दोघांचं भागायचं.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी तौनोच्या माडीवर एक मुलगी राहायला आली. नातिया तिचं नाव, जॉर्जिया देशातली. इथल्या विद्यापीठात शिकायला आलेली. तिच्या वर्गाची सहल दक्षिणेकडून बसने ओस पडत चाललेली गावं बघत वर येत होती. एकेका विद्यार्थ्याने एकेका गावात आधी जाऊन राहायचं, माणसांशी बोलायचं आणि सगळे आले की त्यांना गाव समजावून सांगायचं, असा प्राध्यापकांचा नेम होता. नातियाच्या वाट्याला लेह्तोसारी आलं होतं, कारण इथली फेरीबोट बंद करायचं रस्ते खात्याच्या मनात होतं. बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला पूल होता. गाडीने तासाभराचा वळसा, एवढंच, असं खात्याचं म्हणणं. त्यावर गावात सभा ठरली होती.

पोरगी आली ती माणसांशी बोलायला, आणि पहिले दोन दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही. दुकानात गेली तर लोक खाली बघून मान हलवायचे.

"तौनो आजोबा, यांना माझा राग आला आहे का?"

"नाही. तुझी सवय करताहेत."

"आणि किती दिवस लागतील?"

"तू किती राहणार आहेस?"

"बारा."

"मग नाही पुरायचे."

ती खळखळून हसली. तिला नुसतं तौनो म्हण, इथे पाद्र्यालाही अरे-तुरे करतात, असं त्याने दोनदा सांगून पाहिलं. पण त्यांच्याकडे म्हाताऱ्याला नावाने हाक मारणाऱ्या पोरीच्या पाठीत आई धपाटा घालते म्हणे. तेव्हा आजोबाच राहिलं.

ती रोज त्याच्याबरोबर बोटीवर यायची. तोंडं पाण्याकडे केलेली असली की इथल्या माणसाला बोलणं सोपं जातं, आणि परक्या माणसाशी तर आणखीच. तौनो बोलू लागला. आधी दोराबद्दल, मग बर्फाबद्दल, मग एके दिवशी ऐलीबद्दल. म्हणाला, मी रोज जाऊन तिची वेणी घालतो. तिचे केस लांब आहेत, नर्स मुलींना घाई असते, त्या ओढतात. मला सुरुवातीला जमत नव्हतं. दोराची गाठ मारायचो तशी मारायचो, ती शिव्या घालायची. आता जमतं. मग म्हणाला, "तेवढं करून आलो की मला रात्री जेवण जातं."

"आणि बोट बंद झाली तर?"

तौनोने हनुवटीने पाणी दाखवलं.

"बर्फ धरलं की चालत जाता येईल. मधल्या दिवसांत नाही."

"मग हे सभेत सांगा ना! त्या खात्याच्या बाई येणार आहेत. हेच सांगा, असंच."

"सांगेन," तौनो म्हणाला. आणि त्याने ते मनापासून ठरवलं होतं. वेणी सोडून बाकीचं काय बोलायचं ते तो लाकडं फोडताना पुटपुटून बघत असे.

सभा गावघरात, म्हणजे गावाच्या सभागृहात झाली. नातियाचा वर्ग बसने त्याच दुपारी आला होता, तो भिंतीशी उभा राहिला. गावकरी नेहमीप्रमाणे मागून भरत गेले, पुढच्या रांगा रिकाम्या. कॉफी उकळून तयार, वेलदोड्याचे पाव मांडलेले, पण पहिला कप कोण घेणार? शेवटी प्राध्यापकांनी घेतला, तेव्हा कुठे रांग लागली. कोपऱ्यात गावच्या वर्तमानपत्राचा मुलगा कॅमेरा घेऊन बसला होता.

खात्याच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी पडद्यावर आकडे दाखवले आणि विचारलं, "यात कुणाची काही अडचण होत असेल तर आत्ता सांगा. मी त्यासाठीच आले आहे."

कुणी बोललं नाही. ओइवा बुटांकडे बघत होता. तौनोने घसा साफ केला, तर शेजारच्या दोन बायकांनी वळून पाहिलं, आणि तो रुमाल काढून नाक पुसू लागला. जो तो दुसऱ्याची वाट बघत होता. बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. बाई कागद गोळा करू लागल्या.

तेव्हा नातिया भिंतीपासून पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "माफ करा, मी इथली नाही. पण अडचण आहे. तौनो आजोबांची बायको पलीकडे आजारी आहे. ते रोज बोटीने जातात. रोज तिचे केस विंचरून वेणी घालतात. बोट गेली तर ते जाऊ शकणार नाहीत. त्यांना मग जेवण जात नाही. त्यांनीच मला सांगितलंय."

सगळं गावघर तौनोकडे वळलं. ज्या माणसांसमोर त्याने उभ्या आयुष्यात कधी पायाला लागलं तरी तोंड वाकडं केलं नव्हतं, ती सगळी माणसं. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांत कीव होती, आणि या बेटावर आपली कुणाला कीव येण्यापेक्षा माणूस बुडून मेलेला पत्करतो.

"खरं आहे का हे?" बाईंनी हळूच विचारलं.

तौनो उभा राहिला.

"तसं काही नाही," तो म्हणाला. आवाज चांगला खणखणीत निघाला. "पोरगी लहान आहे. केस काय, तिथल्या मुलीही विंचरतात. आमचं काही अडत नाही."

गावघरात सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कुणीतरी "अगदी बरोबर" असंही म्हणालं. बाईंनी तेवढं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातिया सामान बांधून खाली आली. डोळे सुजलेले.

"आजोबा, मी खोटं बोलले का?"

"नाही."

"मग?"

"खोटं असतं तर मी गप्प बसलो असतो."

तिला हे कळलं नाही. "फोन करा त्या बाईंना," ती म्हणाली. "अजून मुदत आहे. मी नाही बोलत, तुम्ही बोला. एकटे असताना." बस दारात आली तेव्हा तौनोने तिची पेटी उचलून आत ठेवली. ती गळ्यात पडायला पुढे झाली, तर याने हात पुढे केला. तिने तो हात दोन्ही हातांत धरला, आणि बस गेली.

गुरुवारी वर्तमानपत्र निघालं. पहिल्याच पानावर तौनोचा उभा राहिलेला फोटो, खाली मोठ्या अक्षरांत त्याचं वाक्य. दुपारी तो वृद्धाश्रमात गेला तेव्हा ऐलीच्या मांडीवर ते पान उघडं होतं.

"ये," ती म्हणाली. "छान आलाय फोटो. तुझं काही अडत नाही म्हणे."

"ते सभेत बोललो."

"मग सभेतच बसायचं की. आज कशाला आलास?"

तौनोने फणी घेतली. तिने मान वळवली नाही, पण नको असंही म्हणाली नाही. वेणी अर्धी झाल्यावर म्हणाली, "तौनो, मी गंमत करत नाही. त्या बाईला फोन कर. सांग, की अडतं."

"बघतो."

"बघू नकोस. कर."

त्याने केला. घरी येऊन जेवणाच्या टेबलाशी बसला आणि नंबर फिरवला. बाईंनीच उचलला. तौनोने नाव सांगितलं. बाई आपुलकीने म्हणाल्या, "बोला ना, तौनो." त्यांच्या आवाजात ती गावघरातली कीव पुन्हा होती, की त्याला तसं वाटलं, कोण जाणे. तौनो म्हणाला, "बोट नक्की कोणत्या तारखेला थांबणार, तेवढं विचारायचं होतं."

बाईंनी तारीख सांगितली. त्याने आभार मानले.

ऑक्टोबर संपता संपता बोट थांबली. ओइवाची बदली दुसऱ्या तळ्यावर झाली. जाण्याआधी तो येऊन म्हणाला, "माझा भाऊ पुलावरून आठवड्याला पलीकडे जातो. तुला घेऊन जाईल."

"कशाला त्याला त्रास."

"त्रास कसला रे, जागा रिकामीच असते गाडीत."

"माझी होडी आहे."

होडी होती. काही दिवस तौनो ती वल्हवत गेला, एकदा अंधुक उजेडात खडकावर आपटली तरी गेला. मग पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला. होडी जाईना, पाय टिकेना. ओइवाचा भाऊ घरासमोरून गाडी हळू करून जायचा. तौनो पडद्याआडून बघायचा. संध्याकाळी फोन करायचा.

"कशी आहेस?"

"आहे."

"इकडे बर्फ धरतंय."

"इकडेही तेच तळं आहे, तौनो."

मग दोघंही रिसीव्हर धरून बसायची. बोलायचं काम आजवर ऐलीनेच केलं होतं, आणि आता तिने ते सोडून दिलं होतं.

ख्रिसमस तसाच गेला. जानेवारीत बर्फ पक्कं झालं त्या दिवशी सकाळीच तौनो पायाने रेटायची घसरगाडी घेऊन निघाला. खोलीत शिरला आणि त्याला वाटलं, खोली चुकली. खुर्चीत बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांची कुणी म्हातारी बसली होती.

"हे काय केलंस?"

"मी काय करणार, एका हाताने? मुलींना सांगितलं, कापा." ऐली खिडकीकडे बघत बोलत होती. "महिनाभर गुंता झाला होता. त्यांना जमत नाही, आणि ज्याला जमतं तो पडद्याआड बसतो. ओइवाचा भाऊ आला होता मला भेटायला. त्याने सांगितलं."

तौनो उभाच राहिला. कोटाच्या खिशातली फणी त्याने बाहेर काढली नाही.

"मी साइलाकडे जाते आहे," ती म्हणाली. साइला त्यांची मुलगी, उत्तरेला ओउलु शहरात असते. "तिच्या घराजवळ वृद्धाश्रम आहे. इथे रोज दुपारी त्या धक्क्याकडे बघत बसणं माझ्याच्याने होत नाही. वसंतात पुन्हा बर्फ मोडेल, पुन्हा तेच. तुला काही म्हणायचं आहे का?"

"तुला बरं वाटत असेल तर," तौनो म्हणाला.

ऐलीने डोळे मिटले.

पुढच्या शनिवारी साइला आणि तिचा नवरा गाडी घेऊन वृद्धाश्रमाच्या दारात आले. तौनोही बर्फावरून आला होता. ऐलीला पुढच्या सीटवर बसवलं, पाय घोंगडीत गुंडाळले. साइला बापाजवळ येऊन म्हणाली, "बाबा, तूही चल ना. नाहीतर आईला थांब म्हण. तुझ्याचसाठी अडून बसली होती ती इतके दिवस. एकदा म्हटलंस तर अजूनही उतरेल."

ऐलीने काच खाली करून ठेवली होती. ती त्याच्याकडे बघत होती, जशी बोटीवरच्या त्या पहिल्या उन्हाळ्यापासून आजवर बघत आली होती, याच्या तोंडून काय निघतं ते.

तौनो गाडीला वळसा घालून जावयाच्या बाजूला गेला.

"गिरणीपुढच्या वळणावर रस्ता निसरडा आहे," तो म्हणाला. "सावकाश चालव."

ऐलीने डाव्या हाताने काच वर केली. जावई गुणी होता, त्याने सासऱ्याचं ऐकलं. गाडी इतकी सावकाश गेली, की तौनोच्या डोळ्यांना दिसेनाशी झाल्यावरही तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.