घोळ माशाचे खवले

"तूच वाच. मी ऐकते," असं म्हणून बाई वही परत मुलाच्या हातात द्यायच्या आणि खुर्चीत मागे रेलून डोळे मिटायच्या. परळच्या आमच्या शाळेत त्या नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवायच्या, मी प्रयोगशाळेत सहायक. मुलांना वाटायचं, बाई किती मन लावून ऐकतात! मलाही तसंच वाटायचं. तुम्ही असता तर तुम्हालाही वाटलं असतं.

तशा त्या तिखट. बाटलीवरची चिठ्ठी जरा तिरकी लागली की, "सावंत, ही पडतेय की काय?" अलीकडे मात्र चिठ्ठ्यांवरून बोलणी बसत नव्हती. बाई मऊ झाल्या, म्हणून मी खूश होतो.

त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी जीवशास्त्राचा प्रकल्प नववीतली दिव्या करणार होती. विषय शनिवारपर्यंत कळवायचा होता. दिव्या वरळी कोळीवाड्यातली, आई मासे विकते. सोमवारी ती एका डबीत घोळ माशाचे खवले घेऊन आली.

"बाई, यावर वलयं असतात. ती मोजली की माशाचं वय कळतं. आई म्हणते, आता मासे वाढायच्या आधीच जाळ्यात येतात. खरंय का बघूया?"

मी सूक्ष्मदर्शक काढायला उठलोच. असा प्रश्न आमच्याकडे कित्येक वर्षांत कुणी आणला नव्हता.

"नको," बाई म्हणाल्या. "दुसरं काहीतरी निवड."

मंगळवारी तिने पावावरची बुरशी सुचवली. नको. बुधवारी टाकीतल्या डासांच्या अळ्या. तेही नको. गुरुवारी बाईंनीच सांगितलं, "मुगाला मोड आण, रोज उंची मोज."

"बाई, ते आम्ही सहावीत केलंय."

शुक्रवारी दिव्या प्रयोगशाळेच्या दारात रडत उभी. "काका, माझ्या अंगाला माशांचा वास येतो का? म्हणून बाई मला नको म्हणतात?"

मी तडक बाईंकडे गेलो आणि जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या प्रयोगशाळेत आल्या, एक खवला काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून स्क्रू फिरवू लागल्या. फिरवतच राहिल्या. भिंग खाली खाली आलं आणि कट्कन काच तडकली. बाईंच्या हातून काच तडकलेली मी कधी पाहिली नव्हती.

"मला दिसत नाही, सावंत. काचबिंदू आहे. डावा डोळा गेला, उजवा जातोय. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात." मग एकदम आवाज चढला. "तिने मोजलेलं मी तपासू कशी? परीक्षक म्हणाले, बाई, तुम्ही दाखवा, तर? शिकवायचं सुटलं तर घरी बसून मी करू काय, सांगा ना!"

मी तडकलेल्या काचेचे तुकडे गोळा केले.

शनिवारी त्यांनी दिव्याला बोलावून सगळं खरं सांगितलं.

"आधी का नाही सांगितलंत? मी आईशी भांडले, बाई. म्हटलं, तुझ्या धंद्यामुळे झालं."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "आईलाही सांग, बाईंचं चुकलं."

विषय गेला तो खवल्यांचाच. तीन आठवडे दिव्या मोजायची, मग मी वेगळं मोजायचो, आणि आकडे जुळले नाहीत की बाई आम्हा दोघांनाही झापायच्या. इतक्या खुशीत मी त्यांना फार दिवसांनी पाहत होतो.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलंच, "ही वलयं तुम्ही तपासलीत ना, मॅडम?"

"नाही. मला दिसत नाही. दोघांनी वेगवेगळी मोजली, जुळली तेवढीच घेतली."

नंबर आला नाही. नमुने कमी पडले म्हणाले. बाईंना दिसत नसल्याची बातमी मात्र आमच्या आधी शाळेत पोचली. बाईंना कुणी काढलं नाही. आधी जर्नलं तपासायला दुसऱ्या बाई आल्या, मग दहावीचा वर्ग त्यांच्याकडे गेला. दिवाळीनंतर बाईंनी स्वतःच राजीनाम्याचा अर्ज दिला.

शेवटच्या दिवशी मी त्यांना बस स्टॉपवर सोडायला निघालो. वाटेतल्या पुलाखाली गाड्या थांबायचं नाव घेत नव्हत्या. बाई पर्स छातीशी धरून फुटपाथच्या कडेला उभ्या होत्या.

सिग्नल पडला. "चला, बाई," मी म्हणालो.

त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी हात पुढे केला. माझ्या हातापासून वीतभर लांब, तो हवेतच थांबला. इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण मी त्यांच्या हाताला कधी हात लावला नव्हता. मी तो धरीपर्यंत गाड्या पुन्हा सुटल्या होत्या.